खुर्चीवरचा कोट

आमच्या कार्यालयात खुर्चीवर कोट दिसला की साहेब हजर धरायचे. कोट अडकवून ते दिवसभर कुठेही भटकत, लोक बाकावर ताटकळत आणि शिपाई प्रत्येकाला एकच सांगे, "आत्ताच बाहेर गेलेत, येतीलच." गेल्या आठवड्यात असेच भटकताना साहेब रस्त्यात कोसळले ते उठलेच नाहीत. कोट खुर्चीवरच राहिला. काढायला कुणी धजेना. पंख्याच्या वाऱ्याने बाही हलली की आम्ही गप्पा थांबवून फायलींत डोकं खुपसायचो. आज साहेबांच्या पत्नी कोट न्यायला आल्या. "साहेबांचा..." एवढं ऐकताच शिपाई सवयीने बोलून गेला, "आत्ताच बाहेर गेलेत, येतीलच." मग चेहरा पाहून त्याने जीभ चावली. "माफ करा, वहिनी." वहिनींनी कोटाकडे पाहिलं, पण हात लावला नाही. बाकावर जागा करून घेत त्या म्हणाल्या, "थांबते मी. घरी असं कुणी सांगत नाही."