पुरेशी वाट

बांधावर सात माणसं होती, एक मोटरसायकल आणि एक प्लास्टिकची खुर्ची. बांधाच्या पुढे शेजारच्या लालासाहेबांचा ऊस, दहा महिन्यांचा, माणसाच्या दीडपट उंच. उसाच्या पलीकडे दफनभूमी, तिच्यात एकोणीस क्रूस: बारा सिमेंटचे, सहा लाकडाचे, एक लोखंडी पाइप जोडून केलेला. बांधावरून ते दिसत नव्हते. कार्डिनल इनास लोखंडे यांनी ते काल बहिणीच्या घराच्या गच्चीवरून मोजले होते.

त्यांची बहीण फिलोमिना काल पहाटे गेली. तिला आईशेजारी पुरायचं होतं. पण दोन वर्षांत कुणाला पुरण्याची वेळ आली नव्हती आणि तेवढ्यात दफनभूमीकडे जाणारी पायवाट उसाखाली गेली होती. खड्डा खणणारे सकाळी कॅनॉलमधून, छातीएवढ्या पाण्यातून पलीकडे गेले. पेटी तशी नेता येणार नव्हती. वाट मिळाली नाही तर तिला मिरजेला न्यावं लागणार होतं, अनोळखी माणसांत.

खुर्ची कार्डिनलसाठी आणली होती. त्यांनी तिच्यावर लालासाहेबांना बसवलं आणि स्वतः काठी टेकून उभे राहिले.

"फादर, आवं तुमी बसा. मला पाप लागंल," लालासाहेब म्हणाले. ते पलटणीतून सुभेदार होऊन परत आले होते. पाठ अजून ताठ होती.

"फादर न्हाईत, कार्डिनल हायत," फिलोमिनाचा मुलगा, त्यांचा भाचा शांतवन म्हणाला.

"म्हंजी कलेक्टरसारकं?"

"कलेक्टरच्या लय वर."

"मग वरनंच हुकूम आणायचा की रं. माज्या बांधावर कशाला तिष्ठत हुबं केलंयस म्हाताऱ्या माणसाला?"

खांदेकऱ्यांपैकी एकजण हसला आणि लगेच गप्प झाला.

"हुकूम नाही," कार्डिनल म्हणाले. "विनंती करायला आलोय."

त्यांचं मराठी सत्तर वर्षांपूर्वी पुस्तकातून घडलेलं होतं आणि नंतर फारसं वापरलं गेलं नव्हतं. पोपचे राजदूत म्हणून ते पाच देशांत राहिले, मग रोममध्ये एका मोठ्या खात्याचा कारभार पाहिला. एकमेकांचं नावही न घेणाऱ्या दोन सरकारांना त्यांनी एका टेबलाशी बसवलं होतं. त्यातून एक गोष्ट त्यांच्या हाडात मुरली होती. अडून बसलेल्या माणसापुढे आकडा ठेवायचा नाही. आकडा आला की माणसं उठून जातात. शब्द असा ठेवायचा की दोघांनाही मान तुकवता यावी. आकड्यांचं मागाहून खालची माणसं बघतात.

"माजं तुमच्या भणीशी वाकडं न्हवतं," लालासाहेब म्हणाले. "माज्या पोरीच्या बाळातपणाला रातभर बसल्या व्हत्या त्या. पर आज वाट दिली की उद्या वहिवाट लागती. सातबाऱ्यावर चढती. बॉर्डरवर मी हेच बगत आलोय. फूट सोडला की मैल जातोय."

"वहिवाट नको. हक्क नको," कार्डिनल म्हणाले. "तुमची परवानगी. एका माणसासाठी, आजच्यापुरती. ह्या सगळ्यांसमोर मी तसं सांगतो."

लालासाहेबांनी उसाकडे पाहिलं. आभाळ भरून खाली आलं होतं आणि वारा अजिबात नव्हता.

"किती सोडायची?"

"चार फू..." शांतवनने तोंड उघडलं. कार्डिनलनी त्याचं मनगट धरलं.

"पुरेशी," ते म्हणाले. "रान तुमचं. किती ते तुम्हीच ठरवा."

लालासाहेब उठले. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेलेला स्पष्ट दिसला. हा क्षण कार्डिनलना चांगला ओळखीचा होता. पाचही देशांत तो असाच आला होता. बहीण गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांना जरा हलकं वाटलं.

"कोयता आना रं. मी सोता करतो."

दोन ओळींमधली एक सरी निवडून लालासाहेब आत शिरले. वाळका पाला सोलत, वाकलेला ऊस बाजूला बांधत ते पुढे सरकत राहिले. तासाभराने बाहेर आले तेव्हा हात पात्यांनी चिरले होते आणि सदरा घामाने अंगाला चिकटला होता.

"बगा. एक बी ऊस तोडला न्हाई, आन मानूस सरळ चालत जातोय," ते म्हणाले. त्यांनी कार्डिनलच्या पायाला हात लावला. "दिल्या शब्दाला जागलो, फादर."

"मामा," शांतवन हळूच म्हणाला, "मानसाचं ठीक हाय. पर पेटी? तुमी बोला की."

"दिलेलं मान्य करून परत मागायचं नसतं. मग तेही जातं."

"ही काय तुमची परदेशातली सरकारं हायत व्हय? शेजारी हाय आपला."

कार्डिनलनी लालासाहेबांना नमस्कार केला आणि आभार मानले, नेहमीच्या पूर्ण वाक्यात. लालासाहेबांनी मोटरसायकलला किक मारली. नळ्याच्या पुलापाशी आवाज वळला आणि बंद झाला.

चौघांनी अंगणातून पेटी आणून बांधावर ठेवली. वर दोन्ही बाजूंचे शेंडे एकमेकांत गुंतले होते. खाली सरीत काळोख होता.

"इनूमामा," शांतवन म्हणाला. त्यांना इनू आजवर फक्त त्याची आई म्हणत असे.

"मोज," कार्डिनल म्हणाले.

सुताराची टेप पेटीबरोबरच आली होती. शांतवनने आधी पेटी मोजली, मग आत शिरून तीन ठिकाणी सरी मोजली. पेटी खांद्यापाशी बावीस इंच होती. सरी सगळ्यांत रुंद जागी साडेअठरा.