ड्रिंगच्या शेताचा कोपरा

“तिसऱ्यांदा नाही म्हणाला!” लेस्ली गारफिटनं फोन आदळला. “कारण विचारलं, तर म्हणतो, नाही म्हणजे नाही.”

सिरिलनं चहात बिस्कीट बुडवलं. “मागच्या खेपेला फोनच आपटला होता. या वेळी चार शब्द बोलला. सुधारतोय म्हणायचा.”

“तुला चेष्टा सुचतेय?”

“अरे, बिस्कीट पडलं चहात. आधी ते वाचवू दे.”

बाकी सगळं जमून आलं होतं. त्यांच्या हवाई दलातल्या स्क्वाड्रनचे वीसेक म्हातारे ऑक्टोबरात इंग्लंडातल्या लिंकनशरला येणार होते. सकाळी जुन्या तळावरचं संग्रहालय. तिथल्या हँगरमध्ये त्यांच्या विमानाच्याच जातीचं एक बॉम्बर अजून उभं होतं, आणि सिरिल एके काळचा इंजिन फिटर असल्यामुळं ती मंडळी खास त्याच्यासाठी एक इंजिन सुरू करून दाखवणार होती. मग पडका कंट्रोल टॉवर, पबमध्ये जेवण, आणि शेवटी ड्रिंग नावाच्या बटाटे पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या शेतात स्मृतीचा दगड बसवायचा. सगळा घाट त्या शेतासाठीच तर घातला होता.

पंचेचाळीस वर्षांपूर्वी त्यांचं विमान तिथं कोसळलं होतं. सरावाच्या उड्डाणात आग लागली. कप्तान ह्यू मॅडॉकनं बाकीच्यांना उड्या मारायला सांगितलं. समोर गाव दिसत होतं. विमानाला वाट दाखवणारा नेव्हिगेटर लेस्ली सगळ्यात शेवटी निघाला. निघताना ओरडला, “डावीकडं घे, ह्यू! तिकडं नुसती शेतं आहेत!” ह्यूनं डावीकडं घेतलं आणि शेवटपर्यंत विमान धरून ठेवलं. तो पंचवीस वर्षांचा होता.

लेस्ली लांब एका रानात पडला. दोन्ही पाय मोडले. तो हिवाळा इस्पितळात गेला. तिथंच त्यानं वर्तमानपत्रात वाचलं की गाव वाचलं. तेव्हापासून ही गोष्ट त्यानं शाळांमध्ये सांगितली, क्लबांमध्ये सांगितली, स्वतःच्या नातवंडांना सांगितली. ह्यूचं वय तो दर वेळी दोनदा सांगायचा.

आणि आता हा बटाटेवाला आडवा येत होता.

गावात चौकशी केली तर ज्याच्या त्याच्याकडं वेगळं कारण. एक म्हणाला, ड्रिंगला हवाई दलानं घेतलं नव्हतं, त्याचा राग आहे. दुसरा म्हणाला, तो बॉम्बविरोधी मोर्चांना जायचा. तिसरी बाई नुसतीच म्हणाली, “त्याच्या वाटेला जाऊ नका.”

एके दुपारी लेस्लीनं रस्त्यावरून शेत पाहिलं, आणि त्याचं डोकंच फिरलं. सगळीकडं बटाट्याची काढणी चालली होती, पण विमान पडलं होतं तो कोपरा तसाच होता. नुसतं गवत. नांगरसुद्धा लावलेला नाही.

“पडीक ठेवलाय, सिरिल! स्वतः काही करायचं नाही आणि आपल्याला हातभर दगड बसवू द्यायचा नाही! माणूस आहे की कोण?”

“आता काय करायचं म्हणतोस?”

“दगड गाडीत टाक.”

ड्रिंग अंगणात यंत्राच्या दातांतली माती खरवडत होता. साठीचा, रुंद खांद्यांचा माणूस. गाडी पाहून त्यानं हातातली पहार खाली ठेवली, पण जागचा हलला नाही.

“मी फोनवर सांगितलं होतं,” तो म्हणाला.

“आणि मी इथं तोंडावर सांगायला आलोय,” लेस्लीचा आवाज चढला. “तुमचं गाव आज उभं आहे ते कुणामुळं? पोरगा जळून मेला तुमच्या शेतात! पॅराशूट पाठीला होतं त्याच्या! उडी मारता आली असती!”

“आवाज खाली करा. माझी बायको घरात आहे.”

“ऐकू दे तिलाही! आपला नवरा कसा आहे ते कळू दे!”

“लेस...” सिरिलनं त्याची बाही ओढली.

“सोड मला! मिस्टर ड्रिंग, वर्षातनं एकदा वीस म्हातारे येऊन डोकी खाली घालणार. त्यानं तुमचे किती बटाटे वाया जातात? लाज नाही वाटत?”

ड्रिंगचा चेहरा लाल झाला. तो काहीतरी बोलणार तोच स्वयंपाकघराचं दार उघडलं. पन्नाशी ओलांडलेली एक किडकिडीत बाई एप्रनला हात पुसत बाहेर आली.

“नोरा, तू आत जा,” ड्रिंग म्हणाला. एवढा मोठा माणूस, पण आवाज एकदम मऊ झाला होता.

“असू दे, क्लिफ. किती वर्षं तू दारात उभा राहणार?” ती लेस्लीकडं वळली. बोलण्यात आयरिश हेल होता. “दगडावर काय कोरलंय तुम्ही?”

निदान कुणीतरी विचारलं. लेस्लीनं गाडीची डिकी उघडली, दगडावरचं फडकं बाजूला केलं आणि टोपी काढून, सावकाश, मोठ्यानं वाचलं:

“कप्तान ह्यू मॅडॉक. स्वतःचा प्राण दिला, पण या गावातल्या एकाही माणसाला ओरखडा येऊ दिला नाही.”

नोरानं मान हलवली.

“खरं आहे. गावातलं कुणीच मेलं नाही,” ती म्हणाली. “त्या साली बटाटे वेचायला आम्ही आयर्लंडहून आलो होतो. आई आणि माझे दोघे भाऊ त्या कोपऱ्यात वेचत होते. मला तेवढं आईनं पाणी आणायला पाठवलं होतं.”