गाणं सिग्नलला थांबलंय

गॅदरिंगमध्ये कोळीनृत्याचं गाणं मध्येच बंद पडलं. तिसरीतल्या चिमुरड्या कोळणी टोपल्या घेऊन तशाच उभ्या राहिल्या. एकीला तर रडूच फुटलं. पहिल्यांदाच निवेदन करणारी मृण्मयी विंगेतल्या साउंडवाल्या काकांकडे बघू लागली.

तेव्हा तिला गावातल्या जुन्या एफएमवरचे बंटी आणि स्वरा आठवले. रोज सकाळी आई डबे भरायची, तेव्हा हे दोघं आरजे मिसळीच्या तिखटावरून जोरजोरात भांडायचे. गाणं अडकलं, की त्यांना आणखीच ऊत यायचा. स्टेशन बंद झालं त्या दिवशी आई भाजीत मीठ घालायला विसरली होती.

तिनं माइक उचलला. "नमस्कार कोल्हापूर! गाणं दसरा चौकात सिग्नलला थांबलंय. तोवर सांगा, आमच्या कोळणींची मासळी कशी आहे?"

"ताजी!" मैदान ओरडलं.

"ए, मुख्याध्यापक सर भाव पाडतायत! अजिबात देऊ नका गं!" मृण्मयी कोळणींना म्हणाली.

हशा पिकला. रडणारी पोरगीही टोपली उंच धरून खुदकन हसली आणि तेवढ्यात गाणं सुरू झालं.

विंगेत साउंडवाले काका मृण्मयीला म्हणाले, "गाणं मघाशीच सापडलं होतं, पोरी. पण तुझं ऐकत बसलो."