मेजरचं नाजूक पोट

लीड्सभर हिंडूनही नेहमीचं टिमथी गवत मिळेना, म्हणून आईने आमच्या सशासाठी, मेजरसाठी, दुसऱ्याच जातीचं वाळलेलं गवत आणलं. मी ते सगळं त्याच्या पिंजऱ्यात कोंबायला गेले, तर हातावर चापट बसली.

"अगं ए, एकदम बदललंस तर पोट बिघडेल त्याचं! नाहीतर रुसून उपाशी बसेल. जुन्यात आज चिमूटभर मिसळ, चार दिवसांनी मूठभर. कधी बदललं ते कळणारसुद्धा नाही त्याला."

खरंच, तीन आठवड्यांत मेजर नवीन गवत मिटक्या मारत खायला लागला.

त्याच सुमारास आईच्या बागकाम मंडळातला क्लाइव्ह मंगळवारचा चहाला यायला लागला. बाबा जाऊन पाच वर्षं झाली होती, आईलाही सोबत हवीच की. मग तो रविवारी जेवायला येऊ लागला. मग त्याची छत्री आमच्या दारामागे राहिली, मग सपाता. नाताळात तर तो चक्क बाबांच्या खुर्चीत बसून बाबांच्याच मगातून चहा भुरकत होता.

आज सकाळी बाथरूममध्ये तिसरा टूथब्रश दिसला. मी तणतणत खाली आले.

"आई, हा माणूस इथे राहायला आलाय?"

आईने मेजरपुढे गवत टाकलं आणि हात झटकले.



"मेजरचं तीन आठवड्यांत भागलं. तुझं पोट जास्त नाजूक, म्हणून तुला आठ महिने दिले."