सोलो अल्बम
गोडदेव गावातल्या जुन्या घरात आईच्या खाटेशी खुर्ची ओढून हरेश्वर बसला. तीस वर्षं रॉक बँडमध्ये गिटार वाजवल्यावर, बासष्टाव्या वर्षी, त्याचा पहिला सोलो अल्बम सकाळीच आला होता आणि अभिनंदनाचे फोन घेऊन घेऊन तो दमला होता. आईला आता दिसत नव्हतं. त्याने मोबाईल तिच्या उशाशी ठेवून अल्बम लावला. तिने सगळी गाणी मुकाट ऐकली आणि विचारलं, "यात मोरूचा ड्रम कुठं हाय?" मोरू शेजारच्यांचा मुलगा, बँडचा ड्रमर, तिच्याच ओटीवर डबे बडवत शिकलेला, तिच्याच हातचं जेवून मोठा झालेला. चार महिन्यांपूर्वी तो हार्ट अटॅकने गेला. आईला सोसणार नाही म्हणून हरेश्वरने तिला सांगितलं होतं की मोरू मुलीकडे दुबईला गेलाय. "या वेळी मी एकट्यानेच वाजवलं, आई." "मीरा रोडला ऱ्हायला गेला तरी दर रविवारी यायचा तो. दुबईवरनं एक फोन न्हाय करता येत त्याला?" हरेश्वरने आणखी एक थाप मारायला तोंड उघडलं, पण आता त्याच्यात तेवढं त्राण उरलं नव्हतं. "मोरू गेला, आई," तो म्हणाला. "चार महिने झाले." आई बराच वेळ गोधडीवरून हात फिरवत राहिली. मग भिंतीकडे सरकून तिने खाटेवर त्याच्यासाठी जागा केली. "मंग इतके दिस तू एकलाच रडत व्हतास?"