शुक्रवारची ब्लूबेरी

ब्लूबेरीला आंबट माती लागते म्हणून हे कुंडीत लिंबाचं पाणी घालायचे. अखेर यंदा एकच फळ धरलं आणि पिकलं नेमकं शुक्रवारी, माझ्या संतोषीमातेच्या व्रताच्या दिवशी. पहिलं फळ देवीला बोललेलं. पण त्या दिवशी घरात कुणी आंबट खाल्लं तर व्रत मोडतं.

“गोड असेल ना हो?”

“चाखून बघू?”

“मग उष्टं नाही का व्हायचं?”

“शबरीची बोरं उष्टीच होती.”

“शबरीला शुक्रवार नव्हता!”

निळाशार रंग बघून मी देवीवर भरवसा ठेवला. आरतीनंतर नैवेद्याच्या फळाचे दोन तुकडे केले. यांनी आपला तोंडात टाकला. डावा डोळा मिटला, खांदे कानांपर्यंत गेले.

“आंबट आहे? मोडलं का माझं व्रत?”

“छे! नुसती साखर,” डोळे पुसत हे म्हणाले आणि माझ्या हातातला तुकडाही उचलून खाऊन मोकळे झाले. “एवढं गोड तुझ्या डायबेटिसला चालायचं नाही.”

डायबेटिस यांना आहे, मला नाही. पण मी काही बोलले नाही. देवीही बोलली नाही.