एक्केचाळिसाव्या प्रश्नाला चार मिनिटं

"एक्केचाळिसाव्या प्रश्नाला चार मिनिटं लागली," समुपदेशक बाई म्हणाल्या. "काय झालं होतं तेव्हा?"

टेबलापलीकडे तिघं बसली होती. मधे मुलगी, तिच्या एका हाताला आई, दुसऱ्या हाताला बाबा. आईनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी छताकडे.

काल घरी बसून मुलीनं फोनवर कलचाचणी दिली होती. प्रश्न एकशे वीस. निकाल स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत उमटला होता: पहिली पसंती कार्यालयीन कामकाज, दुसरी अध्यापन. यंत्रांशी संबंध असलेलं काम पार तळाला. बाबांच्या हातात कॉमर्सचा अर्ज तयार होता. पाच वाजता मुदत संपत होती, आणि त्यावर आता फक्त बाईंची शिफारस हवी होती.

बाईंची नजर मात्र निकालावर नव्हती. ती होती त्यांच्या संगणकाच्या स्क्रीनवर, उजव्या कडेच्या बारक्या रकान्यात, जिथं कुणाच्याच आईवडलांची नजर जात नाही. कुठल्या उत्तराला किती वेळ लागला, हे संगणक तिथं गुपचूप टिपून ठेवतो. बाईंनी वीस वर्षं मुलांचे चेहरे वाचले होते, अलीकडे त्या हा रकानाही वाचायच्या. मूल एकटं असलं की वेळ पाण्यासारखा पुढे जातो. इथं तो पावलोपावली ठेचकाळला होता.

"आमच्याकडे कुठलीही गोष्ट कुणावर लादत नाहीत, मॅडम." बाबा कारखान्यातल्या युनियनचे चिटणीस. त्यांच्या साध्या बोलण्यालाही सभेचा ठेका होता. "प्रत्येक प्रश्न मोठ्यानं वाचला. हात वर करून मतं घेतली. मी, ही, माझी बहीण आणि ठकू. समसमान झाली की माझं मत निर्णायक."

"पण चाचणी ठकूची होती ना?"

"म्हणून तर तिलाही एक मत दिलं."

बाईंनी हसू गिळलं आणि प्रश्न वाचला. "बंद पडलेलं यंत्र समोर आलं तर काय कराल? उघडून बघेन, की जाणकाराला बोलवेन?"

"वन्सं म्हणाल्या, हात चिरला म्हणजे?" आई हळूच म्हणाली. "मग बरीच चर्चा झाली. शेवटी आम्ही जाणकाराला बोलावलं."

"ठकू, तू किती प्रश्नांत हरलीस?"

"एकोणऐंशी."

आई वळली. "मोजत होतीस तू?"

"मोजत नव्हते गं. लक्षात राहिले."

"अगं, मग तोंड उघडायचं ना," बाबा म्हणाले.

"उघडलं होतं, बाबा. तुम्ही म्हणालात, ठराव फेटाळला."

बाई उठल्या, तीच चाचणी कोरी करून उघडली आणि आपली खुर्ची मुलीला दिली.

"तुम्ही दोघं बाहेर बसा. दार उघडंच ठेवते. मतदान मात्र बंद."

"मॅडम, साडेतीन वाजलेत. पाचला अर्ज बंद होतो. आम्हाला काल अडीच तास लागले."

"तुम्ही चौघं होतात. ही एकटी आहे."

बाबा उंबऱ्याशी थांबले. काहीतरी बोलणार होते. आईनं त्यांच्या कोपराला धरून त्यांना बाहेर नेलं.

मुलगी वाचत गेली, बोट टेकवत गेली. ना ओठ चावले, ना दाराकडे पाहिलं. रकान्यात आकडे उतरत होते: चार सेकंद, सहा, पाच, चार. पाठ असलेल्या ओवीत शब्दामागून शब्द आपोआप यावा, तसे. एक्केचाळिसावा प्रश्न आला तेव्हा बाई तिच्या खांद्यावरून वाकल्या. दोन सेकंद.

बारा मिनिटांत चाचणी संपली. स्क्रीनवर पट्ट्या एकेक करून भरल्या. यंत्रदुरुस्तीची पट्टी टोकापर्यंत गेली. बाकीच्या तिच्या कमरेलाही पोचल्या नाहीत. कार्यालयीन कामकाज तळाला जाऊन बसलं.

बाईंना अशा वेळी मुलांचे चेहरे बघायला आवडायचं. कुणाचे डोळे विस्फारत, कुणी पुन्हा पुन्हा वाचत. त्यांनी वरच्या पट्टीवर बोट ठेवलं. "बघ. यंत्रदुरुस्तीचा डिप्लोमा. त्याचाही अर्ज आज पाचपर्यंत भरता येतो."

रोजच्या येण्याजाण्यातलं स्वतःचं दार बघावं, तसं मुलीनं त्याकडे बघितलं.

"हे मला सहावीपासून माहीत आहे, मॅडम." तिनं प्रिंटरचा कागद सारखा केला. "बाबांसाठी छापा. अक्षर मोठं ठेवा, ते चष्मा घरी विसरलेत."